योआकीमने न बोललेला नवस

योआकीमला कुणी पाहू नये, एवढ्यासाठी त्याने बारा मीटर लांबीची पांढरीशुभ्र यॉट तीन दिवस भाड्याने घेतली होती.

हे ऐकून यॉटची कप्तान फोतिनी पहिल्या दिवशी बराच वेळ हसत राहिली. ती पन्नाशीची, उन्हाने रापलेली आणि तोंडाने सडेतोड बाई होती. आजवर तिच्या यॉटवर जी गिऱ्हाइकं आली, ती सगळी आपल्याला जास्तीत जास्त लोकांनी पाहावं म्हणून आलेली होती.

"मास्तर, थिमारी बेटाला रोज बोट जाते. सकाळी पिरेअस बंदरात बसायचं, दुपारी उतरायचं. म्हाताऱ्या बायका कोंबड्या घेऊन जातात हो त्या बोटीने."

"म्हणूनच," योआकीम म्हणाला.

"कोंबड्यांमुळे?"

"नाही, धक्क्यामुळे. बोट लागते तिथे समोरच कॉफीचं दुकान आहे. सगळ्या खुर्च्या धक्क्याकडे तोंड करून मांडलेल्या. माझा पाय जमिनीला लागायच्या आत बेटभर बातमी होईल."

"होऊ दे की. तुम्ही काय खून केलाय?"

योआकीमने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मुलाचं नाव ठेवलं," तो म्हणाला.

फोतिनीचं हसणं थांबलं. ती स्वतः बेटावर वाढलेली होती, तिला जास्त सांगावं लागलं नाही. "सासऱ्याचं?" एवढंच तिने विचारलं. योआकीमने मान हलवली. "अरे देवा," असं म्हणून तिने छातीवर क्रूस काढला आणि शिडाचा दोर ओढायला लागली.

थिमारीवर पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव मिळतं. कुणी त्यावर विचारविनिमय करत नाही. योआकीमच्या वडिलांचं नाव अकिंदिनोस, म्हणजे 'निरुपद्रवी'. तीस वर्षांपूर्वी योआकीमला मुलगा झाला, त्याच आठवड्यात त्याचे सासरे इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते. बायकोने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, आणि योआकीमला आयुष्यात कुणालाही नाही म्हणता आलेलं नव्हतं. मुलाला सासऱ्यांचं नाव मिळालं, लेआंद्रोस. ते ऐकून सासरे असे खडखडीत बरे झाले की पुढे अकरा वर्षं जगले.

वडिलांना कळवण्यासाठी त्याने बेटावरच्या कॉफीच्या दुकानात फोन केला, कारण फोन तिथेच होता. म्हणजे बातमी वडिलांच्या आधी दुकानाला कळली. वडील फोनवर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "बरं. पोर धडधाकट आहे ना?" आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ योआकीम तीस वर्षं लावत होता. पिरेअसच्या शाळेत तो प्राचीन ग्रंथ शिकवायचा. अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांना काय म्हणायचं होतं ते तो मुलांना तासभर समजावून सांगू शकत असे, पण वडिलांचा हा एक शब्द काही त्याला उलगडला नाही. चार वर्षांनी वडील गेले. त्या दिवसापासून धाकटा भाऊ झानीस त्याच्याशी बोलेनासा झाला. पत्रांना उत्तर नाही, फोन नाही, नाताळचा निरोप नाही. अशी सव्वीस वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात योआकीमची बायको गेली. जाण्याआधी तिने एकच गोष्ट दोनदा सांगितली, "झानीसला जाऊन भेट. तुमच्यातलं एक गेल्यावर भेटण्यात काय अर्थ?"

म्हणून त्याने दिवस निवडला. आठ सप्टेंबर, पनागियाचा, म्हणजे देवमाता मेरीचा, जन्मदिवस. त्या सकाळी देवमातेची तसबीर मोठ्या धक्क्यावरून होडीत बसवतात आणि सगळं गाव होड्यांतून तिच्यामागे बेटाला वळसा घालतं. त्या वेळी बेटाची मागची बाजू ओस पडलेली असते, आणि मागच्या लहान खाडीच्या काठावरच झानीसचं घर होतं. खाडीत गुपचूप शिरायचं, घरासमोरच्या दगडावर बसायचं, झानीस मिरवणुकीहून परतला की माफी मागायची आणि निघायचं. मध्ये कॉफीचं दुकान नाही, खुर्च्या नाहीत. योआकीमने आयुष्यात आखलेला हा पहिलाच धाडसी बेत होता, आणि त्याला तो निर्दोष वाटत होता.

वाटेत माफीची तालीम झाली.

"मी झानीस," सुकाणूवरून फोतिनी म्हणाली. "दार उघडलंय. बोला."

योआकीमने घसा साफ केला. "झानीस, मनुष्य जेव्हा आपल्या पूर्वजांच्या स्मृतीकडे पाठ फिरवतो, तेव्हा..."

"दार लावलं मी."

"माझं वाक्य संपलं नाही अजून."

"म्हणूनच लावलं. मास्तर, तो कोळी आहे ना? थोडक्यात बोला. मासे थांबत नाहीत कुणासाठी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाक्य घासून घासून लहान झालं. "झानीस, मी बाबांचं नाव पुढे नेलं नाही. मला क्षमा कर."

"हं," फोतिनी म्हणाली. "आता दार उघडं राहिलं. आत घेईन असं नाही, पण उघडं राहिलं."

आठ तारखेला उजाडता उजाडता ते खाडीत शिरले. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि काठावर कुणीही नव्हतं. एकच निळा मचवा मागची बाजू खडकाला बांधून, तोंड समुद्राकडे करून उभा होता. त्याचा नांगर पुढे कुठेतरी पाण्यात टाकलेला असणार.

"हा मचवा कुणाचा?" फोतिनीने विचारलं. "याचा नांगर किती लांब टाकलाय? माझा त्याच्यावर पडला तर साखळ्या गुंततील."

"इथे होड्या काठाशीच टाकतात नांगर," योआकीम म्हणाला. सव्वीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणूस जितक्या खात्रीने बोलू शकतो, तितक्या खात्रीने तो बोलला.

फोतिनीने एकदा त्याच्याकडे आणि एकदा पाण्याकडे पाहिलं, आणि नांगर सोडला. साखळी खडखडत खाली गेली. योआकीम आत गेला आणि त्याने काळा सूट चढवला, काळा टाय बांधला, डोक्यावर काळी हॅट ठेवली. माफी मागायला जाताना कसं दिसावं याबद्दल त्याच्या काही कल्पना होत्या.

तो बाहेर आला तेव्हा डोंगरावरून येणाऱ्या पायवाटेवर एक बाई दिसली. तिच्या डोक्यावर प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या.

"ही कुठे चालली?" फोतिनी म्हणाली.

तिच्यामागे आणखी तीन बायका होत्या, मग पताकांच्या माळा घेतलेले दोन पुरुष, मग पावाची टोपली, मग ढोल, मग ढोल वाजवणारा. त्यानंतर वाट दिसेनाशी झाली, नुसती माणसंच दिसायला लागली. टेकाडाला वळसा घालून होड्याही एकामागून एक खाडीत शिरायला लागल्या. योआकीम खाली केबिनमध्ये गेला आणि त्याने पडदा ओढून घेतला.

"मास्तर, अख्खं बेट उतरतंय इथे."

"शक्य नाही," पडद्याआडून आवाज आला. "मिरवणूक मोठ्या धक्क्यावरून निघते."

काठावर काळ्या कपड्यांतली एक ठेंगणी म्हातारी खुर्च्या कुठे मांडायच्या ते सगळ्यांना सांगत होती. फोतिनीने तिला हाक मारली, "अहो आत्या! मिरवणूक इथून निघते का?"

"मग कुठून निघणार?" म्हातारी ओरडली. "मोठ्या धक्क्याची होड्यांकडची बाजू हिवाळ्यात वादळाने फोडली. कालपासून तयारी चाललीय, तुला कुणी सांगितलं नाही? तू कुठली गं? कुणाची? आत कोण आहे?"

"कुणी नाही!" आतून योआकीम ओरडला.

म्हातारी थोडा वेळ त्या दिशेने बघत राहिली. तिचं नाव कालिरोई. देवळाच्या सगळ्या कामांची यादी तिच्याकडे असे, आणि बेटावर तिला माहीत नसलेला माणूस असणं ही गोष्ट ती फार वेळ सहन करत नसे.

"निघू या," योआकीम कुजबुजला. "कप्तान, आत्ताच्या आत्ता निघू या. उद्या येऊ. पुढच्या वर्षी येऊ."

फोतिनीने नांगर उचलायचं बटण दाबलं. यंत्राने घरघर केली, साखळी दोन हात वर आली आणि ताणून थांबली. तिने पुन्हा दाबलं. यॉटचं नाक पाण्याकडे वाकलं, आत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला, वायर जळाल्याचा वास आला आणि यंत्र मेलं.

"आता?"

"आता हाताने. लोखंडी दांडा असतो त्यासाठी." ती दांडा ठेवायच्या कप्प्यात डोकावली. कप्प्यात दांड्याचं चित्र होतं, दांड्याच्या आकाराची खाच होती आणि एक वाळलेला पाव होता. "आणि दांडा बहुतेक माझ्या दुसऱ्या यॉटवर आहे. म्हणजे आता ही साखळी वरही येणार नाही आणि खालीही जाणार नाही."

एवढ्यात घंटा वाजायला लागली. वाटेवरून पापा-गेरासिमोस, बेटाचे धर्मगुरू, सोनेरी झग्यात उतरले. त्यांच्यापुढे चौघांच्या खांद्यावर फुलांनी मढवलेली पनागियाची तसबीर होती. तसबीर निळ्या मचव्यावर चढवली गेली. सुकाणूपाशी एक रुंद पाठीचा, पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. पडद्याच्या फटीतून योआकीमने ती पाठ पाहिली आणि लगेच ओळखली. यंदा पनागियाला नेण्याचा मान झानीसच्या मचव्याला होता.

झानीसने आपला नांगर उचलायला सुरुवात केली. मासेमारीच्या मचव्याचं यंत्र दणकट असतं. नांगर आला, आणि त्याच्या आकड्यात अडकून यॉटची साखळीही आली. तिच्या ओढीने यॉटचा नांगरही तळातून उपटला. आपल्या मचव्यापुढे लटकलेलं ते लोखंडाचं जंजाळ झानीसने पाहिलं, मग यॉटकडे पाहिलं.

"ए! कुणाचं रे हे पांढरं धूड? साखळी सोड, गाढवा!"

सव्वीस वर्षांनंतर भावाच्या तोंडून आलेले हे पहिले शब्द. केबिनमध्ये योआकीमने डोळे मिटले. आवाज तसाच होता. थोडा जाड झाला होता, एवढंच.

"सुटत नाही!" फोतिनी ओरडली. "यंत्र जळालंय!"

"मग थांब, मी कापतो."

"कापू नकोस!" काठावरून कालिरोई कडाडली. "हात लावशील तर बघ! नवसाची नौका आहे ती!"

सगळ्या गावाच्या माना यॉटकडे वळल्या. थिमारीवर जुनी रीत आहे. ज्याच्या मनावर मोठं ओझं असेल, त्याने पनागियाच्या होडीला आपली होडी बांधायची, इंजिन बंद करायचं, शीड उतरवायचं आणि ती ओढील तसं मागून जायचं. अशी नौका कित्येक वर्षांत कुणी बांधली नव्हती, आणि आज एक पांढरी यॉट शीड उतरवून, इंजिन बंद करून, पनागियाला साखळीने बांधलेली समोर उभी होती. याहून स्पष्ट काय असणार?

"आत्या, नवस कसला? साखळी अडकलीय नुसती!" झानीस म्हणाला.

"अडकली ना? मग कुणी अडकवली?" कालिरोईने विचारलं आणि तसबिरीकडे बोट दाखवलं.

पापा-गेरासिमोसनी दाढीवरून हात फिरवला. त्यांना साखळी दिसत होती आणि कालिरोईही दिसत होती. "चल, झानीस," ते म्हणाले. "पनागियाला उशीर होतोय."

झानीस दातओठ खात पुढे गेला. त्याने दोन्ही साखळ्यांचं जंजाळ तसंच मचव्याच्या पुढून ओढत आणून मागच्या खुंटाला अडकवलं आणि इंजिन सुरू केलं. मचवा निघाला. मागून यॉट निघाली. त्यामागे सत्तर होड्या, ढोल, दोन तुताऱ्या आणि खुर्च्या घेऊन होड्यांत चढलेलं सगळं गाव.

"मास्तर, वर या!" फोतिनीने दार ठोठावलं. "पुढे जाऊन साखळी टोकाच्या चाकावर धरून ठेवा, नाहीतर ती आपलं नाक कापून काढेल. मला सुकाणू सोडता येत नाही."

"लोक बघतील."

"यॉट फुटली तर जास्त बघतील!"

योआकीम बाहेर आला. पहिल्याच झुळकीने त्याची हॅट उडवली. काळ्या सूटमध्ये, उघड्या डोक्याने, दोन्ही हातांनी कठड्याला धरत तो यॉटच्या टोकापर्यंत गेला. साखळी धरायची तर वाकून भागत नव्हतं, म्हणून तो गुडघ्यांवर बसला. लाटांनी यॉट डोलायला लागली तशी त्याने मान खाली घातली.

मागच्या सत्तर होड्यांतून एक सुस्कारा आला.

"बघा, गुडघ्यांवर बसला," एक बाई म्हणाली.

"डोकं उघडं ठेवलंय. जुन्या लोकांसारखं."

"रडतोय गं बिचारा."

योआकीम रडत नव्हता. सकाळचा चहा पोटातच राहावा म्हणून तो झटत होता. पण एवढ्यात कालिरोईची होडी यॉटच्या बाजूला आली, आणि तिने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

"अगं बाई! हा तर अकिंदिनोसचा थोरला! योआकीम! पोराला सासऱ्याचं नाव ठेवणारा!"

बातमी होडीवरून होडीवर गेली. कॉफीच्या दुकानातही ती इतक्याच झपाट्याने पसरली असती, पण इथे ढोलही थांबला. पुढच्या मचव्यावर झानीसने मागे वळून पाहिलं नाही. मात्र मचव्याची सरळ रेषा एकदम वाकडी झाली, आणि पापा-गेरासिमोसना खांब धरावा लागला.

योआकीमला वाटलं, आता समुद्रात उतरावं आणि चालत पिरेअसला जावं. तीस वर्षं ज्या डोळ्यांना तो चुकवत आला, ते सगळे डोळे त्याच्या पाठीमागे एका रांगेत तरंगत होते. समोर दहा हातांवर झानीसची पाठ होती. ती पाठ तर डोळ्यांपेक्षा जास्त बघत होती.

बेटाच्या टोकाला एक एकटा खडक आहे. तिथे मिरवणूक थांबते. झानीसने इंजिन बंद केलं, मागच्या होड्यांनीही केलं. पाण्यावर अशी शांतता पसरली की फुलांवरची माशी ऐकू यावी. पापा-गेरासिमोस मागे वळले. ते योआकीमला लहानपणापासून ओळखत होते. त्यांचा चेहरा थोडा ओशाळलेला होता, पण रीत ती रीत.

"नवस कुणासाठी?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

खरं उत्तर सोपं होतं. नवस नाही, यंत्र जळालंय. योआकीमने तोंड उघडलं. समोर झानीसची मान होती. उन्हाने भाजलेली, मागून दोन आडव्या सुरकुत्या पडलेली. या वयाची ही मान त्याने आधी पाहिली होती, वडिलांच्या शर्टाच्या कॉलरवर.

"अकिंदिनोस," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं, बाळा!" शेवटच्या होडीतून एक म्हातारा ओरडला.

मग योआकीमने, ज्याने वर्गातसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता, दोन्ही हातांनी साखळी धरली आणि ओरडला, "अकिंदिनोस! माझे वडील!"

नाव कड्यावर आपटलं आणि परत आलं. होड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांनी क्रूस काढले. कुणीतरी हुंदका दिला. तुतारीवाल्याने, काय वाजवावं ते न सुचल्याने, राष्ट्रगीत सुरू केलं आणि दोन ओळींनी सोडून दिलं. फोतिनी सुकाणूला टेकून नाक पुसत होती. झानीसने इंजिन चालू केलं.

खाडीत परतल्यावर लोक ओळीने आले आणि रीतीप्रमाणे योआकीमच्या खांद्याला हात लावून गेले. कुणी मुलाचा विषय काढला नाही. कॉफीच्या दुकानाच्या मालकाने तर त्याला मिठीच मारली. शेवटी कालिरोई वही घेऊन आली.

"तुझं नाव घातलंय हो मी पुढच्या दोन्ही वर्षांसाठी. नवस तीन वर्षांचा असतो."

"पण आत्या, मी..."

"आणि कप्तानीणबाई, तुम्ही माझ्याकडे जेवायला चला. बकरा मोठा आहे."

तेवढ्या वेळात झानीसने एका लोखंडी आकड्याने दोन्ही साखळ्या सोडवल्या होत्या. दोन मिनिटांचं काम होतं. मग तो हात पुसत आला, योआकीमच्या अंगावरून पुढे गेला आणि न थांबता म्हणाला, "घरी ये."

घर तसंच होतं. एकच खोली, एक टेबल, चुलीवर मोठं भांडं. योआकीम उंबऱ्याच्या आत उभा राहिला. दार उघडं होतं. इतकी तालीम केलेलं वाक्य त्याला बरोबर आठवलं.

"झानीस, मी बाबांचं नाव पुढे नेलं नाही. मला क्षमा कर."

झानीस भांड्यावरचं झाकण काढत होता. तो थांबला. "काय?"

"नाव. लेआंद्रोसचं. मी बाबांचं नाव ठेवायला हवं होतं."

"त्याचं काय?"

"तू... तू त्यासाठीच माझ्याशी बोलत नाहीस ना?"

झानीसने झाकण खाली ठेवलं. तो भावाकडे असा बघत राहिला, जणू त्याने भलत्याच घराचं दार वाजवलं होतं.

"त्या नावावरून बाबाला फौजेत दोन वर्षं 'निरुपद्रवी शिपाई' म्हणून पिडलं होतं. जन्मभर वैतागला होता तो त्या नावाला. तुझा फोन आला ना, त्या दिवशी त्याने सगळ्या दुकानाला कॉफी पाजली. म्हणाला, सुटलं बघा पोरगं! आणि आज तू अख्ख्या बेटासमोर तेच नाव बोंबललास. वरती कपाळाला हात लावून बसला असेल म्हातारा."

योआकीम खुर्चीवर बसला. तीस वर्षांचा पश्चात्ताप त्याच्या मांडीवर पडला होता आणि त्याचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. "मग?" तो हळूच म्हणाला. "मग काय केलं मी?"

झानीस चुलीकडे तोंड करून उभा राहिला.

"बाबाला पुरलं त्या दिवशी," तो म्हणाला, "मी पहाटे मासे धरायला गेलो होतो. वारा होता. कुणी म्हणत होतं जाऊ नको, पण पुरून आल्यावर सगळ्यांनी बसून माशाचं सार खायचं असतं, आणि बाबाच्या साराला बाजारातला मासा कशाला, म्हणून गेलो. एक मोठा धरला. बाबाला आवडायचा तसला. शिजवला. तुझं ताट माझ्या शेजारी मांडलं. आणि तू दोनच्या बोटीने निघून गेलास."

योआकीमला ती दुपार आठवली. स्मशानातून खाली उतरताना त्याला वाटलं होतं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. बोटीचा भोंगा झाला होता. कुणालाही त्रास न देता तो हळूच निघून गेला होता, आणि आपण त्यात काही चुकीचं केलं असं त्याला आजपर्यंत एकदाही वाटलं नव्हतं.

"मला वाटलं, मी गेलो तर तुम्हाला सगळ्यांना बरं वाटेल."

"मांजराला वाटलं बरं. तुझं ताट त्यानेच चाटलं."

योआकीमने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण या चुकीसाठी त्याच्याजवळ वाक्य नव्हतं, लांबही नव्हतं आणि लहानही नव्हतं. त्याच्या चष्म्यावर वाफ जमली, आणि ती साराची की कशाची हे त्यालाही कळलं नाही.

"अरे, मी..."

"जेव," झानीस म्हणाला.

त्याने खोलगट ताट भरून समोर ठेवलं. लिंबू पिळलेलं सार, बटाटे, आणि माशाचा डोक्याकडचा तुकडा, जो घरातल्या थोरल्याला द्यायचा असतो. योआकीमचं पोट अजून समुद्रावरच होतं. त्या वासाने त्याच्या कपाळावर घाम आला. पण त्याने चमचा उचलला आणि सावकाश, एक एक घास गिळत, काटे बाजूला काढत, तो ते सगळं जेवला. झानीस समोर बसून बघत होता. ताट रिकामं झालं तसं योआकीमने चमचा खाली ठेवला आणि सुटकेचा श्वास सोडला.

झानीस उठला. त्याने ते ताट उचललं, भांड्यापाशी नेलं, पुन्हा काठोकाठ भरून आणलं आणि तो समोर बसला.

"झालं माझं, झानीस. खरंच. पोटभर झालं."

"ते आजचं झालं," झानीस म्हणाला. "हे त्या दिवसाचं."

योआकीमने ताटाकडे पाहिलं. मग टायची गाठ सैल केली आणि चमचा पुन्हा हातात घेतला. ते ताट संपायला फार वेळ लागला. तोवर झानीस खुर्चीवरून उठला नाही.